शंभर टक्क्यांबाहेरची मुले

मित्रांनो, मी एक जुना निकालफलक आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात माझा जन्म झाला. १९८२ साली बदलापूरच्या एका हायस्कूलमध्ये मला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगले. दर जूनमध्ये पेंटर यायचा आणि दहावीचा निकाल माझ्यावर लिहायचा. बासष्ट टक्के, मग चौऱ्याहत्तर, मग ब्याण्णव. पाहुणे मान डोलवायचे. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची आणि मी फुशारून जायचो.

पण आठवीत माझ्यासमोर धक्काबुक्की करणारी कितीतरी मुले दहावीपर्यंत दिसेनाशी व्हायची. कुणी शहाडला कामाला लागे, कुणाचे लग्न होई. ती माझ्यावर कुठेच नव्हती.

१९९० साली सोनिवलीच्या कमळाबाईंना शाळेत बोलावणे आले. त्यांची वेणू नववीत गणितात कशीबशी पास झाली होती.

मुख्याध्यापक चिंतामणी सर म्हणाले, "यंदा आपला शंभर टक्के निकाल लागायला हवा. हिचा दाखला घेऊन जा."

"नाय जमत तं घरी बसंल," कमळाबाई पुटपुटल्या. वेणू खाली मान घालून उभी होती.

गणिताच्या अंजनाबाई पुढे आल्या. "सर, दाखला देऊ नका. मी शिकवते हिला."

"आणि निकाल खाली आला तर?"

"निकाल पुढच्या वर्षी वर येईल, सर. पोरगी एकदा गेली की परत येत नाही."

वर्षभर शाळा सुटल्यावर दोघी माझ्याखालच्या बाकावर गणिते सोडवत बसायच्या. तरी मार्चच्या परीक्षेत सगळी मुले पास झाली आणि वेणू तेवढी राहिली. शंभर टक्के हुकले. सरांनी पेंटरला बोलावलेच नाही. काचेचा नवा फलक आला आणि माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली.

तिथे महिनोन्‌महिने कुणी दार उघडले नाही. वर मुलांचे पाय वाजायचे, तेवढीच सोबत.

जानेवारीत अंजनाबाई वेणूला घेऊन आल्या. ती ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झाली होती.

"बाई, मी नव्या बोर्डावर येईन ना?"

"ऑक्टोबरवाल्यांना तिथे धरत नाहीत गं." बाईंनी माझी धूळ पुसली आणि खडूने लिहिले: आठवीत आले अठ्ठावन्न, दहावी झाले एकतीस. "यात तू आहेस."

वेणूने बोटांवर वजाबाकी केली. "बाकीचे सत्तावीस कुठे गेले, बाई?"

"उद्यापासून एकेकाच्या घरी जाऊन बघते," बाई म्हणाल्या.

पुढे दरवर्षी त्या येऊन असेच दोन आकडे लिहीत. दुसरा आकडा हळूहळू पहिल्याच्या जवळ सरकत होता. १९९७ साली त्या निवृत्त झाल्या. तेव्हापासून माझ्यावर कुणी काही लिहिले नाही; मी एकटा आहे.

मित्रांनो, मला परत भिंतीवर टांगा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या वर्गातले कुणी दोन-चार दिवस आले नाही, तर त्याच्या घरी जाऊन एवढेच विचारा, "उद्या येशील ना?"