चौघं निजल्यात

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, टीव्हीवर खेळायच्या गेमची. जन्म जपानचा, म्हणून मला 'चिनी माल' अशी शिवी द्यायची तर जरा विचार करून द्या. माझ्या पिवळ्या प्लास्टिकला आता कान तुटल्यासारखे टवके गेलेत, पण एके काळी माझ्या पोटात अख्खा मुलूख होता. गावं होती, समुद्र होता, आणि त्या समुद्रावर होडी निघाली की असं संगीत वाजायचं की ऐकणाऱ्याचा हात थांबावा.

जुन्या मालाच्या खोक्यातून मी कोल्हापुरात आले. लक्ष्मीपुरीत बसलिंगाप्पांचं धान्याचं दुकान होतं, मागं घर. त्यांच्या थोरल्या पोरानं, महांतेशनं, मला हौसेनं आणलं आणि तासाभरात फेकलं.

"ह्यात नुसतं बोलत्यातच की! ते बी जपानीत. डोस्कं फिरलं माझं."

मला उचललं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं, विद्याश्रीनं. तिला तरी जपानी कुठं येत होतं? पण पोर चिवट. एकच अक्षर जोडीनं आलं की मारामारी, गळासारख्या अक्षरावर दोन थेंब दिसले की मंत्र, असं तिनं स्वतःच ठरवलं. चार साथीदार जमवले, त्यांना आपल्याकडची नावं ठेवली. पुढारी हंबीरराव, म्हातारा मांत्रिक आकाराम, चोरटा सयाजी आणि जखमा बऱ्या करणारी बयाबाई. माझ्या मुलखात कुणी एका दिवसात शूर होत नाही. हरायचं, परत यायचं, गावात विसावा घ्यायचा, पुन्हा निघायचं. विद्याला हेच आवडलं. तिची सारी वाटचाल मी पोटातल्या बारक्या बॅटरीच्या जिवावर लक्षात ठेवायची. टीव्हीला जोडलेलं मशीन बंद केलं तरी चौघं माझ्यात सुखरूप असायची.

तिची आई बसम्मा मला बघून नाक मुरडायची. "लगीन ठरलंय न्हवं तुझं? भाकरी थापायची सोडून ही बाहुली नाचवत बसलीयास!"

मग एकदा गुहेत बयाबाई मेली. माझ्यात मेलेला साथीदार पांढऱ्या कापडात गुंडाळून मागनं येतो. बसम्मा तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"अगं, मेलेल्याला असं फरफटत न्हेतंय व्हय कुणी? आमा लिंगायतात बसवून माती देत्यात."

"अव्वा, देवळात न्हेली की ती उठती."

"मग बसलीयास काय? पळ की बिगीबिगी!"

त्या दिवसापासून बसम्मा माझी झाली. रोज विचारायची, "आपली माणसं कुटवर आली?" लग्न दिवाळीनंतर होतं, पेठ वडगावात. सासरी सुनेला टीव्हीपुढं कोण बसू देणार? म्हणून लग्नाआधी शेवट बघायचाच, असं विद्यानं ठरवलं. बसम्मानं तिच्या हातातली परात काढून घेतली. "शेवट करूनच जा. अर्धवट काम टाकून नांदायला जाऊ नये."

चौघं शेवटच्या दारापर्यंत पोचली, आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं घासून पुजतात. विद्या दळण घेऊन गिरणीवर गेली होती. बसम्मानं तागडी, वजनं, विळती, कोयता मोरीत घेतलं. मग माझ्याकडं आली. "माझ्या लेकीचं हत्यार हाय हे. ह्याला कसं इसरू?" वायर असलेल्या जिनसेला पाणी लावू नये, एवढं तिला ठाऊक होतं. मशीन तिनं कोरड्या फडक्यानं पुसलं. मला वायर नव्हती. तिनं मला चिंचेच्या पाण्यात बुडवलं आणि दोन्ही हातांनी, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तसं धुतलं.

मित्रांनो, एवढ्या मायेनं मला कुणी कधी धरलं नव्हतं. पाणी बॅटरीपर्यंत पोचलं आणि त्याच मायेत चौघं गेली. ओरडायला मला तोंड नव्हतं.

तिनं मला उन्हात वाळवलं, विभूतीची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. दसऱ्याला विद्यानं मला मशीनमध्ये घातलं. पडद्यावर चौघांची नावं आली नाहीत. रिकामी चौकट आली आणि नव्या खेळाडूचं नाव विचारू लागली.

विद्यानं मला उपसलं. मशीनमध्ये बसणाऱ्या माझ्या धातूच्या दातांमधून पाण्याचा एक थेंब तिच्या तळहातावर पडला. तिला सगळं कळलं. मागं बसम्मा उभी होती, पदरानं हात पुसत.

"कुटं हाईत गं आपली माणसं?"

विद्यानं माझ्यावरची विभूती बघितली आणि थेंबाचा तळहात मिटला.

"आत हाईत, अव्वा. दमल्यात. निजल्यात."

"निजू देत मग. सणाचं कशाला उठवतीस?"

पुन्हा मशीनला माझा स्पर्श झाला नाही. लग्न झालं. बसम्मा विचारायची तेव्हा विद्या म्हणायची, "शेवट बघितला मी. चांगला झाला." नांदायला जाताना तिनं मला नेलं नाही. बसम्मानं मला खणाच्या तुकड्यात गुंडाळून देवांच्या फळीवर ठेवलं. आलेल्या माणसाला ती ठसक्यात सांगते, "पावणं, हात लावू नगा. ह्यात आमच्या विद्याची चार माणसं हाईत." आणि दर खंडेनवमीला मला न्हाऊ घालते. माझे दात गंजत चाललेत.

यंदा विद्या आपल्या लेकीला घेऊन माहेरी आली होती. पोरीनं फळीवरून मला खाली घेतलं आणि उलटंपालटं करून बघितलं.

"ठेव ते! निजल्यात ती," बसम्मा खेकसली.

विद्यानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल.

"ठेव गं बाळा. आज्जीचं ऐकावं," ती म्हणाली.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल तर तिला काय सोसतं ते आधी विचारा. आणि कुणाच्या हातून मायेपोटी चूक झाली, तर मायेपोटी ती झाकू नका. झाकलेल्या चुकीला दरवर्षी पुन्हा पाणी घालावं लागतं. माझा समुद्र अजून आत आहे. गावं आहेत, संगीत आहे. गंज पुरता चढण्याआधी कुणी मला लावलं, तर सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

पोरीनं मला गुंडाळून परत फळीवर ठेवलं. मला तिला फक्त नाव विचारायचं होतं.