नळाखालची थाळी

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला वजन कमी करायला सांगितलं आणि आमच्या घरात झोपेला देवघरापेक्षा जास्त सोवळं आलं.

नवरा म्हणजे देवानंद, हायस्कुलात मास्तर. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, गोजरबाई. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी सगळा अभ्यास केला. रात्री लवकर झोपायचं, झोप पुरी करायची, मग उपाशीपोटी जीव खाऊन पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं. संध्याकाळी पळालं तर झोप उडते, झोप उडाली की मेटाबॉलिझम बिघडतं आणि चरबी जागची हालत नाही. भाकरी थापताना हे मी इतक्यांदा ऐकलं की परीक्षा घेतली असती तर पहिली आले असते.

आता नांदुऱ्यात आमच्या गल्लीत नळ रोज येत नाहीत. येतात तेही पहाटे, आणि कोणत्या पहाटे ते नळालाच ठाऊक. म्हणून आम्ही बाया तोटी उघडी ठेवून खाली स्टीलची थाळी पालथी घालतो. पाणी पडलं की थाळी वाजते आणि बाई उठते.

ती थाळी ह्यांना सहन होईना.

"काऊन वाजवून राह्यली वं? झोप मोडली का माही सारी मेहनत वाया जाते."

मी थाळीवर फडकं टाकलं. मग तिचा आवाज आत येईना, म्हणून ओसरीत नळाजवळच अंथरूण घातलं आणि डोळे मिटून जागी राहू लागले. ह्यांचं पोट आत गेलं, माझं बाहेर आलं. ह्यांनी सोडलेली भाकर कोणीतरी खावीच लागते.

संग्रामपूरला चुलतदिराचं, राजकुमारचं लग्न होतं. सगळे ह्यांच्या सपाट पोटाचं कौतुक करत होते. राजकुमारने विचारलं, "आन वहिनीचं कसं काय?"

"तिले कितीकदा सांगतो, झोप पुरी घेत जाय. आयकतच नाही," हे म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. चोराच्या उलट्या बोंबा.

घरी आल्यावर मी थाळी मांडणीवर ठेवली, तोटी बंद केली आणि रोज आतल्या खोलीत झोपू लागले. एक दिवस घरात थेंब नसू दे. घामेजून आल्यावर अंग धुवायला पाणी मिळालं नाही, की मास्तरांना कळेल त्यांची चरबी कोणाच्या जिवावर जळते.

एका सकाळी जाग आली तेव्हा उन्हं अंगणात होती. लग्नानंतर एवढी झोप पहिल्यांदाच झाली असेल. मी मजेत बाहेर आले.

ओसरीत ड्रम, हंडे, बादल्या काठोकाठ भरलेल्या. उंबऱ्यावर सासूबाई बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, श्वास लागलेला. गुडघ्यांमुळे त्यांनी देवळात जाणंही सोडलं होतं. नळाखाली थाळी होती आणि शेजारी त्यांचं अंथरूण. मी सोडलेली जागा त्यांनी कधी घेतली, मला कळलंही नव्हतं.

एवढ्यात हे पळून आले. भरली बादली उचलत म्हणाले, "आई, पुढच्या टायमाले हळू भरत जाय. भांडे लय वाजतात, झोप मोडली माही."

सासूबाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. "झोप झाली का वं पुष्पा?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी थाळीवर फडकं टाकलं आणि माझं अंथरूण पुन्हा नळाजवळ घातलं.