लोंबकळत आवळलेला बोल्ट

"मिस्त्री, तुम्ही नवा आर्म बसवून दोन महिने नाही झाले, अन् पुन्हा खडखड! आधीचा आर्म सहा वर्षं चालला होता," रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर कुरकुरला.

"माल हलका निघाला असेल," मिस्त्री म्हणाले.

त्यांची लेक गाडीखालून बाहेर सरकली. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा डावा आर्म तिनं काढून आणला होता. त्याच्या मुळाशी बसवलेलं रबर पिळवटून फाटलं होतं. माल मात्र अस्सल होता.

तिला कळायचं ते कळलं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, तेव्हा बोल्ट आवळला की रबर तसंच जखडतं. मग गाडी खाली आली की ते पिळत राहतं, दिवसरात्र, मुकाट्यानं. आधी गाडीचा भार जमिनीवर येऊ द्यायचा, मग आवळायचं. हे तिला बापानंच शिकवलं होतं.

"बाबा, या वेळी बोल्ट मी आवळते."

"का? माझे हात मोडलेत?"

"तसं नाही हो. बरं, तुम्हीच बसवा."

मिस्त्रींनी नवा आर्म उचलला. झोपलेलं मूल कुशीवर वळवावं इतक्या हळुवारपणे त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट चाकाकडच्या खोबणीत बसवला, पिन घातली. हात कुठं अडखळले नाहीत. तिच्या जिवात जीव आला.

आणि मग, चाक तसंच लोंबकळत असताना, त्यांनी मोठा पाना रबराच्या बाजूच्या आतल्या बोल्टला लावला.

"घट्ट करा हां, मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला. "मागं आजारी माणूस असतो."

मिस्त्रींनी दात-ओठ खाऊन आवळलं. आता थांबतील, आता सैल करतील, म्हणून लेक वाट बघत राहिली.

"झालं. उतरव गाडी."

तिनं जॅक उतरवला. खाली शिरली, बोल्ट सैल केला, पुन्हा आवळला.

मिस्त्री वाकले. "काय करतेस गं?"

"लोंबकळत आवळला होतात, बाबा."

"मी? कधी?"

"आत्ता."

त्यांनी हात आत घालून बोल्ट चाचपला.

"दमलात तुम्ही," ती म्हणाली.

"दमलो नाही गं. आठवतच नाही."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, मान बाहेर काढली. "मिस्त्री, काढू का गाडी?"

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं.

"काढा," ती म्हणाली.

गाडीला वाट द्यायला मिस्त्री गिऱ्हाइकासारखे भिंतीला टेकून उभे राहिले.