हात लावताच सर्व्हर उठतो

"पाठ फिरवा सगळ्यांनी! यंत्र लाजाळू असतं!"

महाराज गरजले आणि रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर, औषधवाले निमूट भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. महाराज म्हणजे साधूबिधू नव्हे, बाहेरून येणारा कडक इस्त्रीतला संगणकतज्ज्ञ. हे नाव त्याला भक्तांनीच बहाल केलेलं. त्यानं सर्व्हरच्या कपाटावर उजवा तळवा टेकला, डावा हात खिशात घातला आणि पुटपुटला, "ऊठ बाळा, रुसू नकोस." थोड्याच वेळात संगणकांचे गोठलेले पडदे जिवंत झाले. टाळ्यांचा कडकडाट, वर घसघशीत फी!

दर वेळी हेच. सॉफ्टवेअरचं अपडेट झालं की दुसऱ्या दिवशी रुग्णांची माहिती साठवणारा डेटाबेस गोगलगायीसारखा सरपटायचा आणि मग धाडकन बंद पडायचा.

रुग्णालयाची स्वतःची संगणक अभियंता मात्र दाराबाहेर. "हिचा हात जड आहे," असं महाराजांनी जाहीर केलं आणि तिचं नाव पडलं पनवती. तिचा पासवर्ड काढून घेतला, खुर्ची जिन्याखाली टाकली. ती लिफ्टमध्ये शिरली की लोक उतरून जिने चढायचे.

मग एकदा पडदे गोठलेले असतानाच मोठ्या सिस्टरनं एका म्हाताऱ्या सुताराला इंजेक्शन दिलं. त्या औषधाची त्याला ॲलर्जी होती. तशी नोंदही होती, पण ती उघडेचना. म्हातारा तडफडून गेला. त्याच्या बायकोसमोर सिस्टरनं बोट दाखवलं ते पनवतीकडे. "हिनं खाल्लं तुमच्या माणसाला!"

म्हातारी तिच्या तोंडावर थुंकली. कुणी अडवलं नाही.

तोंड पुसून अभियंता तडक अधीक्षक बाईंकडे गेली. "एकदा मला डेटाबेसच्या आत बघू द्या."

"काही सापडलं नाही तर?"

"पोलिसांत द्या मला."

आत पाहिल्यावर ती हबकली. पण नुसतं सांगून पटणार कुणाला? लोक म्हणाले असते, पनवतीनं डाव रचला. म्हणून दोघींनी पुढच्या अपडेटची वाट पाहिली. तेव्हा प्रत्येक खाटेवर ॲलर्जीचा कागद टांगला. डेटाबेस ठरल्याप्रमाणे कोसळला. महाराज आले. तळवा टेकला. "ऊठ बाळा." पडदे उजळले, टाळ्या पडल्या.

"महाराज," ती पुढे झाली, "कपाट उघडू का?"

"हात लावू नकोस! विटाळशील!"

तिनं दार ओढलं. आत एक टेबलफॅन घरघरत होता. बाकी कपाट रिकामं. सर्व्हर आदल्याच दिवशी अधीक्षक बाईंच्या खोलीत हलवलेला.

"उठवलंत कुणाला? पंख्याला?"

"लहरी... लहरींना भिंती आड येत नाहीत."

"मग खिशातला मोबाईल बाईंकडे द्या."

महाराजांचा हात खिशातच घट्ट झाला. बाईंनी तो मनगट धरून बाहेर ओढला. मोबाईलवर महाराजांनीच नुकताच सर्व्हरला पाठवलेला आदेश तसाच होता.

"जाड पुस्तकाच्या शेवटची सूची फाडली तर एक शब्द शोधायला सगळी पानं चाळावी लागतात," तिनं लोकांना सांगितलं. "डेटाबेसलाही अशी सूची असते. प्रत्येक अपडेटनंतर ती पुसायची, असा आदेश यांनीच गुपचूप पेरून ठेवलाय. मग यंत्र लाखो नोंदी चाळत बसतं, धापा टाकत कोसळतं. हे येतात, हात टेकतात आणि खिशातून सूची परत बांधायला सांगतात. तुमची पाठ असते, म्हणून दिसत नाही."

मग ज्यांनी टाळ्या पिटल्या होत्या तेच हात महाराजांच्या गालांवर पडू लागले. अधीक्षक बाईंनी सोडवलं नसतं तर पोलिसांना तो उचलूनच न्यावा लागला असता.

औषधवाला लगबगीनं तिच्या पायांशी वाकला. "ताई, तुमच्या नजरेत दैवी शक्ती आहे!"

तिचा संताप आता फुटला. "उठा! काल लिफ्टमधून उतरलात, आज पाया पडताय. दोन्ही वेळा डोकं घरीच! अहो, यंत्र बंद पडलं तर कारण विचारा. माझं उत्तरही तपासून घ्या. एकानं जरी तेव्हा वळून पाहिलं असतं, तर तो सुतार आज घरी असता."

मोठी सिस्टर पुढे आली. "मी काय सांगू गं त्या म्हातारीला?"

"खरं ते सांगा."

"थुंकेल ती माझ्यावर."

"थुंकू दे," ती म्हणाली. "पुसता येतं."