बारा बोल्टांचं कव्हर

ही एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. लोखंडाची खाण बंद पडून दोन वर्षं झाली होती. अमेरिकेत, वरच्या मिशिगनमधल्या एका फिनिश वस्तीच्या गावात पुरुषांना सकाळी उठून जायला जागाच उरली नव्हती. प्रत्येकाच्या गॅरेजात एखादी जुनी गाडी होती, म्हणून माणसं अंथरुणातून उठत तरी होती.

त्या ऑगस्टात सायमा हौटालाच्या धाकट्या भावानं, रुडीनं, आपल्या गाडीचा मागचा अॅक्सल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा आस, बदलायचं काढलं. गाडी सत्तर सालची, दोन दारांची, गर्द हिरवी. त्यानं तिच्यात मूळच्या दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. मूळचा, कव्हरला दहाच बोल्ट असलेला अॅक्सल त्याच्यापुढे म्हणजे शेळीच्या पाठीवर हत्ती. भंगारवाल्याकडून बारा बोल्टांचा दणकट अॅक्सल आला आणि तो बांधायला अर्थातच सायमाच्या नवऱ्याकडे, वायनोकडे, आला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी जुन्या विमानतळावर शर्यत होती. रुडीला त्या दिवशी गाडी पळवायची होती.

वायनोनं तीस वर्षं खाणीच्या दुरुस्तीखान्यात काढली होती. अॅक्सलच्या आतल्या चक्राच्या दातांना पिवळा लेप लावून ते फिरवायचं, दाताच्या नेमक्या मध्यावर ठसा उमटेपर्यंत पातळ चकत्या घालायच्या आणि काढायच्या, हे काम इतर लोक मापं घेऊन करत. वायनो बोटांनी करायचा. काम झालं, कव्हर आवळलं, तेल भरलं, की तो कव्हरवर पिवळ्या रंगानं आपल्या नावाची दोन अक्षरं आणि तारीख लिहायचा. त्या भागातले सगळेच अॅक्सलवाले लिहायचे. असं अक्षर पडलेलं कव्हर तो माणूस जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कुणी उघडायचं नाही. आवाज आला तर गाडी त्याच्याच दारात न्यायची. उघडणं म्हणजे भर रस्त्यात त्याला खोटा म्हणण्यासारखं होतं.

सायमा लग्नापासून त्याच्याजवळ दिवा धरून बसायची. सुरुवातीला हौसेनं, नंतर सवयीनं. पण त्या वर्षी ती दुसऱ्याच कारणासाठी बसली होती.

वसंतात तो एकदा चर्चमधून घरी येताना वाट चुकला होता. चाळीस वर्षांची वाट. तो हसला आणि म्हणाला, "गप्पा मारत होतो ना." पण गाडीत तो एकटाच होता. जूनमध्ये त्यानं विचारलं, आईला कॉफी दिलीस का. त्याची आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. सायमानं हे कुणाला सांगितलं नव्हतं, रुडीलाही नाही. सांगितलं की ते खरं होईल असं तिला वाटायचं.

गाडी लोखंडी घोड्यांवर चढली. जुना अॅक्सल निघाला आणि नवा आत गेला. गस कांगास रोज येऊन खोक्यावर बसायचा. तो वायनोचा खाणीतला सोबती. तोंडानं तिखट, हातानं आळशी.

"वायनो, लग्नात बायकोला एवढं जपलं नसशील, जेवढं त्या चक्राला जपतोयस."

"बायको आवाज करत नाही," वायनो गाडीखालून म्हणाला.

"तुझ्यासमोर करत नसेल," सायमा म्हणाली. तिघंही हसली.

ते हसणं तिला पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

त्याच दुपारी वायनोनं तिच्याकडे अर्धा इंची पाना मागितला. तिनं दिला. थोड्या वेळानं पुन्हा मागितला. पाना त्याच्या हातातच होता. तिनं दिवा जरा बाजूला वळवला, त्याचा चेहरा दिसू नये म्हणून.

शनिवारी काम संपलं. दोन्ही चाकांचे दांडे आत गेले, कव्हर बसलं, ते कुजक्या वासाचं तेल भरलं, पिवळी अक्षरं पडली. सगळ्यांना कॉफी द्यायची म्हणून सायमा आवराआवर करायला लागली. सुटे भाग ठेवायची थाळी पुसताना तिचा हात थांबला.

थाळीत तीन क्लिपा होत्या. घोड्याच्या नालेसारख्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या अॅक्सलमध्ये चाकाचा दांडा आत धरून ठेवायला एवढीच एक वस्तू असते. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. जुन्या अॅक्सलच्या निघाल्या त्या दोन. मग ही तिसरी कुठली? ती बसवायची राहिली असली तर गाडी वेगात असताना दांडा चाकासकट बाहेर येणार. असं एकदा झालं होतं, नेगॉनीच्या रस्त्यावर. त्यात गेला तो माणूस सायमाच्या वर्गातला होता.

वायनो नळावर हात धूत होता. ती जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "वायनो, थाळीत एक क्लिप जास्त आहे."

"कुठली क्लिप?"

"दांड्याची."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, कुरकुर नव्हती. नुसतं पाहिलं, अनोळखी गावाचं नाव ऐकावं तसं. मग म्हणाला, "मी बसवल्यात."

"दोन्ही?"

"बसवल्यात म्हणालो ना," तो म्हणाला आणि पुन्हा हात धुवायला लागला. हात स्वच्छ झाले होते, तरी तो धूतच राहिला.

सायमानं रुडीला लाकडांच्या ढिगामागे बोलावून सगळं सांगितलं. वाट चुकल्याचं, आईच्या कॉफीचं, पान्याचं, क्लिपचं.

"ताई, अक्षर पडलंय कव्हरवर."

"मला माहीत आहे."

"गससमोर उघडायचं? उद्या सकाळपर्यंत गावभर होईल."

"आणि सोमवारी तुझं चाक निघालं तर काय होईल? ते गावभर होणार नाही?"

रुडी म्हणाला, "आपण क्लिपचं नाव काढायचं नाही. तेल गळतंय म्हणतो. तेल गळत असेल तर कुणीही आपलं कव्हर पुन्हा उघडतो, त्यात कमीपणा नाही."

तिला ते पटलं. दोघांनाही वाटलं, आपण त्याला सांभाळून घेतोय.

सगळे पुन्हा गॅरेजात आले. गस वेलचीचा पाव कॉफीत बुडवत होता. रुडी गाडीखाली वाकला आणि जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, "वायनो, इथं थेंब दिसतोय रे. कव्हर परत बसवावं लागेल."

वायनो कण्हत गुडघ्यांवर बसला आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला. त्यानं कव्हरच्या कडेनं बोट फिरवलं, सगळीकडून, सावकाश. मग ते बोट उजेडात धरलं. बोट कोरडं होतं.

"गळत नाही," तो म्हणाला.

तो तसाच पडून राहिला. मग त्यानं मान वळवली आणि सायमाकडे पाहिलं. सायमानं नजर खाली वळवली. तिथंच सगळं संपलं. पुढचं फक्त व्हायचं राहिलं होतं.

"पाना दे," तो म्हणाला.

"वायनो, राहू दे. माझी नजर चुकली असेल," रुडी म्हणाला.

"पाना दे, सायमा."

तिनं दिला. त्यानं एकेक करून बाराही बोल्ट काढले. पिवळ्या अक्षरांचं कव्हर सुटलं आणि नवं तेल भळाभळा खाली वाहिलं. खाली परात ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. त्यानं आतली पिन ओढून काढली आणि म्हणाला, "दिवा धर."

सायमानं दिवा धरला.

दोन्ही क्लिपा जागेवर होत्या. आपापल्या खोबणीत घट्ट बसलेल्या, तेलानं चमकणाऱ्या. इतक्या नीट की त्यापेक्षा नीट कुणाला बसवता आल्या नसत्या.

"बघ," वायनो म्हणाला.

"बघितलं."

"नीट बघ. पुन्हा म्हणशील, दिसलं नाही."

गसनं कप खाली ठेवला. "अरे, काय शोधताय तरी काय?"

रुडीनं थाळी पुढे केली आणि तिसऱ्या क्लिपवर बोट ठेवलं.

"ही होय," गस म्हणाला. "ती माझी. गुरुवारी माझ्या डब्यात सापडली, जास्तीची. लागली तर असावी म्हणून थाळीत टाकली होती. मला विचारायचं नाही का?"

विचारायचं होतं. एवढंच करायचं होतं. सरळ क्लिपचं नाव घेतलं असतं, तर गसनं तोंडात पाव असतानाच सांगून टाकलं असतं. वायनोची लाज राखायला म्हणून दोघं खोटं बोलली आणि त्याच खोट्यापायी त्याची लाज गेली.

वायनो गाडीखालून बाहेर आला. उठायला त्यानं कुणाचा हात घेतला नाही. फडक्यानं बोटं पुसली, एकेक. मग रुडीला म्हणाला, "तू बंद कर. तुला येतं."

"मला तुझ्यासारखं नाही येत."

"मलाही येत नाही असं तुमचं मत आहे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. घरात गेला आणि खिडकीपाशी खुर्चीत बसला. सायमा मागोमाग गेली. तिनं त्याला कॉफी दिली. त्यानं घेतली आणि थोड्या वेळानं विचारलं, "आईला दिलीस?"

"दिली," सायमा म्हणाली.

रुडीनं कव्हर बसवलं. त्यावर अक्षर कुणी लिहिलं नाही.

सोमवारी गाडी पळाली आणि अॅक्सलनं हूं की चूं केलं नाही. रुडी दुसरा आला. चषक घेऊन तो आला तेव्हा वायनो दाराशी आला नाही. त्यानंतर त्यानं पाना हातात धरला नाही. दोन जण आपापले अॅक्सल घेऊन आले, तेव्हा तो म्हणाला, "घरात विचारा, मला आठवतं का ते." ते परत गेले. हिवाळ्यात त्याचा हात थरथरायला लागला. पुढच्या वसंतात तो सायमाला पाहुणी समजून अहो-जाहो करायला लागला. मार्केट नावाच्या शहरातल्या डॉक्टरांना तिनं विचारलं, हातातलं काम सुटलं नसतं तर हे इतक्या लवकर आलं असतं का. डॉक्टर म्हणाले, येणार तर होतंच. लवकर की उशिरा, ते कुणालाच सांगता येणार नाही.

गस कांगास शहाऐंशी साली बर्फात पडून गेला. रुडी कामाच्या शोधात विस्कॉन्सिनला गेला. जाताना त्यानं गाडी एका शाळामास्तराला विकली आणि पुढे बहीणभावांची पत्रं नाताळपुरती उरली. वायनो एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये इस्पितळात वारला. शेवटची तीन वर्षं त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सायमा अजून आहे. नव्वदीला टेकली. लान्सिंगला मुलीकडे असते. तिची आठवण पक्की आहे, एक दिवसही विसरलेली नाही, आणि मुलगी सगळ्यांना सांगते, की हे आईचं मोठं भाग्य.