मनी फेस्टेशन

आमच्या शिंदखेड्यात एक इंग्रजी शब्द शिरला आणि महिनाभरात त्याचे तीन अर्थ झाले. मी उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवला. माझ्या वर्गात एका शब्दाचा एक अर्थसुद्धा कधी धड पोहोचला नव्हता.

शब्द आणला रुपचंदशेठने. त्याचं कापडाचं दुकान. दुकानाच्या ओट्यावर कामिनीबाईचं शिलाई मशीन, समोर निंबाचं मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि निवृत्तीनंतर दिवसभर त्याच ओट्यावर मी. जळगावला कुठल्याशा हॉलमध्ये 'मॅनिफेस्टेशनची ताकद' असं शिबिर होतं. एका पासावर दोघांना प्रवेश होता, म्हणून रुपचंदने निंबाला सोबत नेलं. पास अर्धा वाया गेला असता तर त्याला जेवण गेलं नसतं.

परत आला तोच गल्ल्यासमोर आरसा टांगत. "सर, हे मनी फेस्टेशन आहे. मनी! आरशात बघून ब्रह्मांडाकडे मागायचं. ब्रह्मांड देतं." ब्रह्मांडाचं माहीत नाही, पण गिऱ्हाइकं त्यात भांग पाडून जाऊ लागली.

निंबाने काही टांगलं नाही. पन्नाशीला टेकलेला, लग्न राहून गेलेला, मोटारीशी जेवढं बोलेल तेवढंही माणसाशी न बोलणारा. आता तो चहाच्या वेळी ओट्यावर येऊन डोळे मिटून पुटपुटू लागला. मी कान दिला. "मनी... फेस्टेशन. मनी... फेस्टेशन."

"तुलाही पैसा हवाय का रे?"

"पैसा कसाले, सर? मनी म्हंजे मनी."

अहिराणीत मनी म्हणजे माझी. त्याने डोळे उघडले ते थेट मशीनवर वाकलेल्या कामिनीबाईकडे गेले, आणि माझी ट्यूब पेटली. कामिनीबाईचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. येत्या सोमवारी ती भावाकडे सुरतला निघाली होती, कायमची.

मी निंबाला समोर त्याच्या दुकानात ओढत नेलं. "तिला सांगितलंस?"

"नही ना. सांगं ते ताकद निंघी जास, म्हने. मनमाच ठेवानं."

"आणि फेस्टेशन म्हणजे काय?"

"मांगला सबद माले समजना नही, सर. पन पहिला समजना."

माझं डोकं फिरलं. आयुष्यभर स्पेलिंगच्या चुका सोसल्या, पण हे जास्त होतं. "अरे, तो एकच शब्द आहे. लॅटिनमधून आलाय. मानुस म्हणजे हात..."

"मानुस म्हंजे मानुस ना, सर?"

"लॅटिनमध्ये हात! मॅनिफेस्ट म्हणजे हाताला लागेल इतकं उघड. रोमन लोकांत चोर मुद्देमालासकट सापडला की त्याला हा शब्द लावत. पुढे अर्थ झाला स्पष्ट, जाहीर. निवडणुकीत पक्ष मॅनिफेस्टो काढतात तो याच घरातला. हा शब्द पहिल्यापासून उघड करण्याचा आहे, आणि तुझा तो जळगावचा शहाणा म्हणतो, मनात दडवून ठेव!"

निंबा जळकी तार सोलत ऐकत होता. "मंग काय करू?"

"तोंड उघड. सोमवारच्या आत."

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर चढला. मी पेपरात डोकं घातलं. पेपर उलटा होता हे मला नंतर कळलं.

"कामिनीबाई," तो म्हणाला, "मी मनी फेस्टेशन करी ऱ्हायनू."

"कसानं?"

"तुमनं."

मशीन थांबलं. आतून रुपचंद ओरडला, "पैशाचं! पैशाचं करतोय तो!" मी त्याला गप्प बस म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बसला.

कामिनीबाईने दोरा दातांनी तोडला. "इतला दिन तोंड शिवेल व्हतं का?"

निंबाने मान खाली घातली.

"तिकीट काढेल शे. भाऊनी खोली बी दखी ठेयेल शे. आठे ऱ्हावानं नही माले." इथे राहायचं नाही म्हणत तिने कापड झटकलं, घडी घातली, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमले येवानं व्हई ते या."

संपलं, असं मला वाटलं. चालतं दुकान, ओळखीचा गाव, धुळ्याच्या पुढे कधी मुक्काम न केलेला माणूस. तो काय जाणार?

"येस," निंबा म्हणाला.

क्षणभर मला वाटलं, इंग्रजीत हो म्हणाला. माझ्यातला मास्तर फुलून आला. मग लक्षात आलं, अहिराणीत येस म्हणजे येतो.

कामिनीबाईने मशीन पुन्हा सुरू केलं. शिवण वाकडी जात होती, पण ती थांबली नाही.

रविवारी दुपारी निंबा माझ्या घरी आला. त्याने दुकानाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"मला वाइंडिंगमधलं काय कळतं?" मी चिडून म्हणालो. खरं तर मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला होता.

"काहीच नही," तो म्हणाला.

"मग मला कशाला देतोस?"

"मंग कोनले देऊ? तुमनाशिवाय माले आठे कोन शे?"

मी किल्ली घेतली. जाऊ नकोस म्हणायचं होतं. गेलास की माझा चहा कोणाबरोबर, हे विचारायचं होतं. शब्द लॅटिनपासून माहीत होते, पण तोंडातून एक फुटेना. शेवटी म्हणालो, "गाडीत पिण्याचं पाणी घेऊन ठेव," आणि तो हो म्हणून निघून गेला.