रांगेतली तिसरी

पाहुणीबाईंनी चहाचा कप बाजूला सारला, टेबल हातरुमालाने कोरडं केलं आणि त्यावर मोठा करून छापलेला एक चेहरा ठेवला. मग पुस्तकातून शिकलेल्या भाषेत, एकेक शब्द जपून उच्चारत त्या म्हणाल्या,

"या छायाचित्रात आपण दोन वेळा उपस्थित आहात."

ग्रंथपाल हसणारच होती. पाहुणीबाईंच्या बोलण्याला वाचनालयात सगळेच हसत आणि त्या स्वतःही हसून घेत. पण तिची नजर चेहऱ्यावर गेली आणि हसू जागच्या जागी विरलं. डावी भुवई उजवीपेक्षा थोडी वर, कपाळ रुंद, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे ओठ. पाहुणीबाईंनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र बोटाने उचललं आणि त्या चेहऱ्याशेजारी धरलं. ओळखपत्रावरचा फोटो वीस वर्षं जुना होता. बदलून घेऊ, बदलून घेऊ म्हणत राहिलेला. दोन्ही चेहरे एकाच बाईचे वाटत होते.

"हा कुठल्या फोटोतला?"

"एकशे अठरा. पुलाचे उद्घाटन."

हे सगळं प्रकरण त्या पुलापासूनच सुरू झालं होतं. पूल बांधायला परदेशातून आलेल्या एका इंजिनियरने फावल्या वेळात गावाचे दोनशे बारा फोटो काढले होते. तो गेल्यावर ते त्याच्या देशातल्या संग्रहालयाच्या कपाटात पडून राहिले. चाळीस-बेचाळीस वर्षांनी कुणाला तरी जाग आली, तीन देशांतल्या संग्रहालयांनी मिळून एक प्रकल्प काढला आणि पाहुणीबाई खोकी घेऊन इथे आल्या. पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या होत्या, "चित्रे आमच्याकडे आहेत, माणसे आपल्याकडे आहेत." टाळ्या पडल्या. ग्रंथपालनेही वाजवल्या होत्या.

कामाची पद्धत कडक होती आणि ती ग्रंथपालनेच घालून दिली होती. फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक. बघणाऱ्याने एकट्याने बसायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही, नाव आणि आपलं नातं लिहून चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात टाकायची. दोघांच्या चिठ्ठ्या जुळल्या तरच नाव पक्कं. गावाला या खेळाचं वेडच लागलं. टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय असलेले म्हातारे शिंपी टाचणीकाका रोज सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर हजर असत. माणसं तर त्यांनी ओळखलीच, पण एकशे अठरा क्रमांकातल्या कुत्र्याचं आणि एका छत्रीच्या मालकाचंही नाव लिहून दिलं. "छत्रीला मीच कापड लावलं होतं," असा पुरावाही जोडला.

त्या फोटोत पुढे शाळेच्या मुलींची रांग होती, मागे दोरी आणि दोरीपलीकडे गर्दी. ग्रंथपालने त्यात स्वतःला केव्हाच शोधलं होतं. सात वर्षांची, हातात कागदी झेंडा. आपण सापडल्यावर मागच्या गर्दीत कोण बघत बसतो?

"ही तेवीस क्रमांकाची स्त्री," पाहुणीबाई म्हणाल्या. "सर्व लोक फीत कापणाऱ्या माणसाकडे पाहत आहेत. ही मात्र मुलींकडे पाहते. चित्रात केवळ हिचेच नाव नाही."

"नसेल कुणाला आठवत."

पाहुणीबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. बाहेरच्या आळ्यांतल्या लोकांनी तेवीस क्रमांकापुढे काहीबाही अंदाज ठोकले होते. नर्स असेल, शाळेतल्या बाई असतील. पण ग्रंथपालच्या गल्लीतल्या एकूण एक म्हाताऱ्यांनी, अकराच्या अकरा जणांनी, 'ओळखत नाही' या चौकोनात फुली मारली होती. एकाने साधा अंदाजसुद्धा केला नव्हता. टाचणीकाकांची फुली तर इतकी दाबून मारलेली की कागद फाटला होता.

ग्रंथपालने ती चिठ्ठी हातात घेतली. कुत्रा ओळखणारा माणूस ही बाई ओळखत नाही? बाबांनी सांगितलं होतं, ती तीन वर्षांची असताना आई तापाने गेली. पूल सुरू झाला तेव्हा ती सात वर्षांची होती. हा हिशोब करायला बोटंसुद्धा लागत नव्हती. तरी तिने टेबलाखाली बोटं मोजली, आणि पुन्हा मोजली. तिचे कान गरम झाले होते. पाहुणीबाई काहीतरी विचारत होत्या, पण आवाज दुसऱ्या खोलीतून यावा तसा येत होता.

घरी आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती; ग्रंथपालची दोन्ही मुलं अजून बाहेरून आली नव्हती. बाबा कधीच वारले होते; त्यांच्या या मोठ्या बहिणीनेच तिला वाढवलं होतं. ग्रंथपालने चप्पलही काढली नाही. तो छापील चेहरा तिने घडी घातलेल्या चादरीवर ठेवला.

आत्याने बघितलं आणि तिचे हात थांबले. मग तिने चेहरा उचलून शेजारी ठेवला आणि चादरीची घडी पुन्हा नीट केली.

"चष्मा नाही गं माझ्याजवळ."

"डोळ्यांवर आहे तुझ्या."

आत्या पलंगावर बसली.

"ताप वगैरे काही नव्हता," ती शेवटी म्हणाली. "भांडण झालं, ती माहेरी गेली. तुझा बाप हट्टाला पेटला, आणायला गेला नाही. मुलगी तेवढी ठेवून घेतली. पुढे ती माहेराहूनही कुठे निघून गेली. मग त्याने एक दिवस सगळ्या गल्लीला बोलावून सांगितलं, माझ्या पोरीला आई टाकून गेली असं कुणी म्हणायचं नाही. मेली म्हणायचं. लोकांना पटलं ते. मलाही पटलं. पोरीला कुणी चिडवू नये, एवढंच वाटलं."

"सगळ्या गल्लीला?"

"सगळ्या."

ग्रंथपालला आधी काय वाटलं असेल, तर लाज. रोज सकाळी नमस्कार करणारे टाचणीकाका, वाचनालयात मासिकं चाळणारे म्हातारे, परीक्षेत पास झाल्यावर तिला पेढ्याऐवजी वही देणारी समोरची काकू. सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिला नव्हतं. भर बाजारात पाठीला काहीतरी चिकटलेलं असावं आणि चाळीस वर्षं कुणी सांगू नये, तसं झालं होतं. मग राग आला.

"मग पुलावर कशी आली?"

"मी तिच्या माहेरच्यांकरवी निरोप धाडला होता." आत्याने चादरीची कड सरळ केली. "म्हटलं, पोर झेंडा घेऊन उभी राहणार आहे, लांबून बघ, जवळ येऊ नकोस. आली, बघितलं, गेली. त्यानंतर तिचं काहीच कळलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ. मला वाटतं, खरंच मेली असणार."

दोन दिवस ग्रंथपाल कामावर गेली, पण गेली एवढंच. टाचणीकाका पायरीवर दिसले तेव्हा ती मागच्या दाराने आत शिरली. काकांनाही कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणीबाईंनी तिला संगणकासमोर बसवलं. फोटो तिन्ही देशांत लोकांना पाहता यावेत म्हणून संकेतस्थळावर टाकले होते. तिथे कुणीही चेहऱ्याच्या क्रमांकाखाली लिहू शकत होतं. एकशे अठराखाली रात्रीतून एक मजकूर आला होता. लिहिणाऱ्याच्या नावावर पाहुणीबाईंनी नियमाप्रमाणे पट्टी आडवी धरली होती आणि परक्या भाषेतलं त्या सावकाश उलगडून सांगत होत्या.

"'तेवीस क्रमांक माझी आई आहे. आम्ही समुद्राजवळ राहतो. आईची दृष्टी आता क्षीण आहे, तरी तिने स्वतःला त्वरित ओळखले. ती पुष्कळ वेळ रडली. आम्हाला कारण ठाऊक नाही. ती एकच गोष्ट विचारावयास सांगते. रांगेतली तिसरी मुलगी कशी आहे?'"

आहे. रडली. विचारते. ग्रंथपालने पट्टी पाहुणीबाईंच्या हातातून घेतली, पण नाव वाचायला नाही. तिला काहीतरी घट्ट धरायला हवं होतं. आई जिवंत होती. समुद्राजवळ राहत होती. तिला दुसरी मुलं होती आणि ती आत्ता, या घटकेला, कुठल्यातरी खुर्चीत बसलेली होती.

मग तिचं लक्ष आकड्याकडे गेलं.

तिने फोटो समोर ओढला. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी टाचणीकाकांची मोठी मुलगी होती. गेल्याच आठवड्यात ती स्वतः येऊन मोठ्याने हसत चिठ्ठी टाकून गेली होती. ग्रंथपाल सहावी होती. तिने पट्टी त्या बाईच्या डोळ्यांपाशी टेकवली आणि नजर जाते तिकडे सरळ लावली. पट्टी टाचणीकाकांच्या मुलीच्या डोक्यावर जाऊन थांबली.

तिने घरी फोन लावला.

"आत्या, तू तिला काय निरोप दिला होतास? नेमका?"

"आता काय त्याचं?"

"सांग."

"झेंडा धरलेल्या मुली असतील, त्यात तिसरी तुझी, असं. रोज शाळेत तिसरी उभी राहायचीस ना तू? मी सोडायला यायचे तेव्हा बघायचे."

"त्या दिवशी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं होतं."

"अगं बाई," आत्या म्हणाली. "अगं बाई गं."

"जिवंत आहे ती," ग्रंथपाल म्हणाली आणि फोन ठेवला.

आईने आपल्याला बघितलंच नव्हतं. तीन वर्षांची सोडलेली पोर सात वर्षांची कशी दिसेल, हे तिला ओळखता आलं नाही. ती सांगितलेल्या मुलीकडे बघत राहिली आणि तोच चेहरा जपत म्हातारी झाली. इतका मोठा धक्का बसल्यावर माणूस रडतं असं तिने किती कथांत वाचलं होतं. तिला पाणी प्यावंसं वाटलं, एवढंच.

"उत्तर द्यावयाचे आहे," पाहुणीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी यादी उघडली होती. "तिसऱ्या मुलीची ओळख पक्की आहे. दोन चिठ्ठ्या जुळल्या आहेत. मी तिचे नाव पाठवू का?"

"नको. मी लिहिते."

नात्याचा रकाना कोरा राहिला म्हणून आजवर लोकांच्या चिठ्ठ्या परत करणाऱ्या ग्रंथपालने खुर्ची पुढे घेतली आणि दोन बोटांनी टंकलं.

'तिसरी मुलगी बरी आहे. तिला दोन मुलं आहेत. ती इथल्या वाचनालयात काम करते.'

पाहुणीबाईंनी पडद्यावरचं वाचलं, यादी पाहिली, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"परंतु तिसरी मुलगी तर शिंप्याची..."

"पाठवा," ग्रंथपाल म्हणाली.

पाहुणीबाईंनी यादी मिटली आणि उत्तर पाठवून दिलं.